येरवड्यातले दोन दरवाजे



या व्याख्यानमालेत शेतीवर, पाण्यावर, नाटकावर बोलणारी मोठी माणसे येऊन गेली. यंदा संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला, तेव्हा मी म्हटले, व्यसनावर बोलतो. फोनवर जरा शांतता झाली. मग विचारणा झाली, "म्हणजे व्यसनमुक्तीवर ना?" व्यसनमुक्तीवर बोलायला माझ्याहून अधिकारी माणसे महाराष्ट्रात आहेत. मी तीस वर्षे फौजदारी कोर्टात वकिली केली, त्यातली बरीचशी ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींसाठी. तेव्हा मी बोलणार आहे शिक्षेवर. नशा करणाऱ्याला आपण शिक्षा का करतो, तिने काय साधते, आणि त्याच्या व्यसनाचा जाब कोणाला विचारायचा, एवढेच माझे प्रश्न आहेत.

सुरुवात पुण्यातल्या येरवड्यापासून करतो. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे चिडली की म्हणत, "याला येरवड्याला पाठवा." त्याचे दोन अर्थ निघत, कारण येरवड्यात मध्यवर्ती तुरुंग आहे आणि मनोरुग्णालयही आहे. १९८६ साली त्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्द तेव्हा पुण्या-मुंबईत पसरत होती. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉइनचे अशुद्ध रूप. अवचटांनी त्यावर लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये पुढे केले आणि काम उभे राहिले. तिथे येणाऱ्याला 'गर्दुल्ला' म्हणत नाहीत, 'रुग्णमित्र' म्हणतात.

याच्या बरोबर एक वर्ष आधी दिल्लीत दुसरी गोष्ट घडली होती. १९८५ साली संसदेने अमली पदार्थांचा कायदा केला, ज्याला आपण सगळे एनडीपीएस म्हणतो. वर्तमानपत्रात 'अमुक किलो गांजा जप्त' अशी बातमी येते तेव्हा तिच्यामागे हाच कायदा असतो. वर्षभराच्या अंतराने एकाच दुखण्यावर या देशाने दोन उत्तरे दिली. तुरुंगाच्या दरवाजाचे उत्तर सरकारी तिजोरीतून आले. इस्पितळाच्या दरवाजाचे उत्तर एका डॉक्टर बाईच्या जिद्दीतून आणि एका लेखकाच्या देणगीतून आले. या दोन दरवाजांपैकी कोणता रुंद झाला, हे तुम्हाला माझ्याइतकेच माहीत आहे.

हा कायदा मूळ स्वरूपात किती कडक होता, हे आज तरुण वकिलांनाही ठाऊक नसते. माल किती सापडला याची फारशी प्रतवारी नव्हती. आरोपीने स्वतःच्या सेवनापुरताच थोडा माल होता असे सिद्ध केले तर ठीक, नाहीतर बहुतेक पदार्थांसाठी किमान दहा वर्षे. सिद्ध कोणी करायचे? आरोपीने. १९८९ साली दुसऱ्यांदा केलेल्या काही गुन्ह्यांसाठी फाशी आली, तीही सक्तीची, आणि जामीन मिळणे महाकठीण झाले. २००१ साली, म्हणजे सोळा वर्षांनी, कायद्याने अल्प मात्रा आणि व्यापारी मात्रा असा भेद केला. हेरॉइनची अल्प मात्रा ५ ग्रॅम, व्यापारी मात्रा २५० ग्रॅम. गांजाची अल्प मात्रा १ किलो, व्यापारी २० किलो. सक्तीच्या फाशीला २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने लगाम घातला आणि २०१४ साली संसदेने कायद्यातून तिची सक्ती काढली. कायदा हळूहळू शहाणा होत आला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण एक कलम तसेच राहिले. कलम २७. नुसते सेवन केले, कोणाला काही विकले नाही, कोणाच्या अंगाला हात लावला नाही, तरी सहा महिन्यांपर्यंत कैद. पदार्थ हेरॉइन किंवा कोकेन असेल तर एक वर्षापर्यंत.

तुम्ही म्हणाल, वर्षभराची तर शिक्षा, तीही क्वचित होते. मग कोर्टात काय चालते ते सांगतो.

मुंबईत २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत मॅजिस्ट्रेट कोर्टांतून या कायद्याखालचे दहा हजारांहून अधिक खटले निकाली निघाले. 'विधी' या अभ्याससंस्थेने ते तपासले. जवळजवळ सगळे खटले सेवनाचे होते, आणि त्यातले बहुतेक गांजाचे. दहा हजार खटल्यांचे पोलीस, पंच, कागद, कोर्टाचे तास, सगळे चिलीम ओढणाऱ्यांवर खर्च झाले.

असा एक खटला माझ्याकडे होता. बाविशीतला पोरगा, पुलाखाली पन्नीवर गर्द ओढताना सापडलेला. कोठडीत त्याला टर्की लागली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, माल बंद झाला की अंग तुटते, उलट्या होतात, थंडी वाजते, पोटात पिळे पडतात, त्याला टर्की म्हणतात. तो पिंजऱ्यात उकिडवा बसला होता. मी त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, "कबूल कर. दंड होईल, संध्याकाळी घरी जाशील." त्याने कबूल केले. कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा आणि दंड झाला. दंड त्याच्या आईने भरला. बाहेर आल्यावर ती माऊली मला म्हणाली, "वकीलसाहेब, तुम्ही त्याला सोडवलंत कशाला? आत असता तर निदान चार दिवस मी झोपले असते."

मी तिच्यापुढे निरुत्तर उभा राहिलो. त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे, जो स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार होईल त्याच्यावरचा खटला थांबवणारे. कलम ३९ आहे, न्यायाधीशाला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू देणारे. मला ती दोन्ही पाठ होती. तरी मी ती मांडली नाहीत. का? कारण कबुलीने दिवस संपतो, आणि त्या दोन कलमांसाठी डॉक्टर लागतो, केंद्र लागते, मोकळी खाट लागते, आणि कोर्टापासून केंद्रापर्यंत त्याला कोणीतरी घेऊन जावे लागते. यातले कोणीच तिथे नव्हते. काही वर्षांनी तो पोरगा माझ्याकडे आला तेव्हा त्याला माल सोडून दीड वर्ष झाले होते. सुरक्षारक्षकाची नोकरी मिळत होती, पण चारित्र्य पडताळणीत ती जुनी कबुली निघाली. ज्या कबुलीने त्याची एक संध्याकाळ वाचली तिने त्याची नोकरी घेतली. ती कबुली मी करवून घेतली होती. गेली कित्येक वर्षे मी या विषयाचा अभ्यास करतो आहे तो या एका चुकीपायी.

मंडळी, आता जबाबदारीकडे येतो. 'जबाबदारी' या आपल्या शब्दात 'जबाब' आहे. ज्याने उत्तर द्यायचे तो जबाबदार. मग मला सांगा, त्या पोराने त्या दिवशी कोणाला जबाब दिला? आईच्या डब्यातले पैसे चोरले होते, तिला जबाब दिला? बहिणीचे ठरलेले लग्न त्याच्यामुळे मोडले, तिला दिला? कोर्टाने त्याला यातले काही विचारलेच नाही. कोर्टाने विचारले, गुन्हा कबूल आहे का? तो म्हणाला, आहे. हिशेब मिटला. शिक्षा झाली की माणसाला वाटते आपण फेडले. ज्यांचे देणे आहे त्यांना मात्र दमडीही पोचलेली नसते.

आता दुसऱ्या दरवाजाने आत या. मुक्तांगणातला मुक्काम पस्तीस दिवसांचा. तिथे आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांत माणसाला काय करायला लावतात? आपण कोणाकोणाला दुखावले त्यांची यादी करायला लावतात. मग त्यांच्यापुढे जाऊन, जमेल त्या रीतीने भरपाई करायला सांगतात. मुक्तांगणात 'सहचरी' म्हणून बायकांचा गट आहे. नवऱ्याच्या दारूने त्यांचे काय झाले ते त्या तिथे मोकळेपणी बोलतात. मी असे पुरुष पाहिले आहेत जे तुरुंगात कधी रडले नाहीत आणि बायकोच्या समोर खुर्चीवर बसून रडले. 'उपचार म्हणजे लाड' असे जे म्हणतात त्यांनी ती खुर्ची एकदा पाहावी. शिक्षा भोगणे त्याहून सोपे आहे. व्यसनी माणसाला जबाबदार धरू नका असे मी म्हणत नाही. त्याला खरोखरच जबाबदार धरा असे म्हणतो आहे, आणि तुरुंगात ते होत नाही.

पण जबाब एकट्याने द्यायचा असतो का? इथे मी तुम्हाला शंभर वर्षे मागे, गिरणगावात नेतो.

मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना घरी ठेवून जात. दिवसभर मूल कोण सांभाळणार? ते रडले, भुकेजले तर काय? मग सकाळी निघताना मुलाला बाळागोळी चाटवत. बाळागोळीत अफू असे. मूल गुंगीत पडून राही. ही चार-दोन घरांची गोष्ट नव्हती, चाळीचाळींतून चालत आलेली रीत होती. विसाच्या दशकात तिथे तपासणी करणाऱ्या महिला डॉक्टरांनी ती नोंदवली. आता सांगा, गुन्हेगार कोण? आजच्या कायद्याच्या नजरेने पाहिले तर अपत्याला अफू देणारी ती आई. ज्या गिरणीत पाळणाघर नव्हते तिच्या मालकाला कोणी विचारले नाही. ज्या सरकारच्या परवान्याने अफू दुकानात मिळत होती त्यालाही कोणी विचारले नाही. ती आई सोडून यात गुंतलेल्या प्रत्येकाने पैसे मिळवले होते.

आणि अफूचे सांगायचे तर, मुंबई शहराच्या श्रीमंतीच्या पायात अफू आहे. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जाई. तिच्या व्यापारातून उभ्या राहिलेल्या पैशाने या शहराला इस्पितळे आणि शाळा मिळाल्या. सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या दानशूरपणाबद्दल मला आदर आहे, जे. जे. रुग्णालयाने लाखो गरिबांना जीवदान दिले आहे. पण इतिहास म्हणून हेही लक्षात ठेवू की चीनच्या व्यापारात त्यांची संपत्ती झाली आणि त्या व्यापारात अफू मोठी होती. अफूसाठी चीनशी झालेले पहिले युद्ध १८४२ साली संपले, आणि त्याच १८४२ साली ब्रिटिश सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला. पेट्या भरून विकणाऱ्याला किताब आणि चिमूटभर ओढणाऱ्याला कोठडी, ही विभागणी आपल्याकडे एनडीपीएसच्या फार आधीपासून आहे.

आजही फार बदलले आहे असे नाही. मेफेड्रोन, म्हणजे पोरे ज्याला एमडी म्हणतात, ते कुठल्या डोंगरात पिकत नाही. ते कारखान्यात बनते. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा माग काढला आणि एमडीचा साठा शेकडो किलोंनी मोजावा लागला. या पदार्थाची अल्प मात्रा कायद्याने २ ग्रॅम आहे. असे कारखाने चालवणाऱ्यांना कायद्याने द्यावी तेवढी शिक्षा द्या, माझी एका शब्दाचीही हरकत नाही. पण पुलाखालच्या पोरांमागे लावलेले मनुष्यबळ त्या कारखान्यांच्या मागे लावले असते तर ते किती आधी सापडले असते, हा प्रश्न मला पडतो.

मग दारू. महाराष्ट्राचा दारूचा कायदा १९४९ चा आहे आणि त्याच्या नावात आजही 'दारूबंदी' हा शब्द आहे. त्याच कायद्याने दुकानांना परवाने मिळतात आणि राज्याच्या तिजोरीत दरवर्षी हजारो कोटी जमा होतात. २०१९ साली केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याने एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, त्यांतले २.९ कोटी दारूच्या पूर्ण आहारी गेलेले. आणि अशा आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकाला कुठला तरी उपचार मिळाला होता. अडतिसात एक! ज्या बाटलीवर शासन कर घेते, तिने पाडलेल्या अडतीस माणसांपैकी सदतीस जण शासनाने वाऱ्यावर सोडले आहेत. जबाब द्यायचा तो इथे द्यायचा आहे.

"मग सरळ बंदीच का नको?" असे इथल्या भगिनींच्या मनात आले असेल, आणि त्यांच्या अनुभवापुढे मी मान झुकवतो. चंद्रपूरच्या बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या होत्या, त्या हौसेने नव्हे. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. बिहारने २०१६ साली बंदी केली आणि पिणाऱ्याला थेट तुरुंगाची वाट दाखवली. माणसे इतकी आत गेली, कोर्टे जामिनाच्या अर्जांनी इतकी तुंबली की २०२१ साली सरन्यायाधीश रमणा यांनी त्या कायद्याचे उदाहरण अदूरदर्शी कायद्याचे म्हणून दिले. २०१८ साली सौम्य केलेला तो कायदा २०२२ साली आणखी सौम्य करून पहिल्या वेळेस दंडावर आणावा लागला. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, पण तिथे नुसते पोलीस नाहीत. गावागावांत लोकांनी ठरवलेली बंदी आहे आणि अलीकडे मुक्तिपथ या व्यसनविरोधी उपक्रमाच्या कामातून तालुक्यात उपचाराचे दवाखानेही उघडले आहेत. आपल्या राज्यात बायकांनी मतदान करून 'आडवी बाटली' निवडली तर दुकान बंद होते, ही सोय मला फार मोलाची वाटते. ज्यांनी सोसले त्यांच्या हाती निर्णय, आणि रोख दुकानावर, पिणाऱ्याच्या अंगावर नाही.

एक आक्षेप मात्र मला टाळता येणार नाही. लोक म्हणतात, कायद्याचा धाक गेला तर पोरे मोकाट सुटतील. धाकाचा उपयोग होतो, मी नाकारत नाही. बायकोने माहेरी जाण्याची धमकी दिली, साहेबाने नोकरीवरून काढण्याची दिली, कोर्टाने तारीख दिली, म्हणून उपचाराला आलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यातली काही सुधारलीही. धाक दाराशी आणून सोडतो. पुढे दार उघडे असावे लागते. पोर्तुगालने २००१ साली काय केले? अमली पदार्थ विकणे गुन्हाच ठेवला, पण दहा दिवसांच्या वापरापुरता माल सापडलेल्याला कोर्टाऐवजी तिघांच्या समितीपुढे बसवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे नव्वदच्या दशकात हेरॉइनने कहर केला होता. समितीबरोबर त्यांनी उपचाराची केंद्रेही वाढवली. पुढे सुयांमधून पसरणारा एचआयव्ही तिथे झपाट्याने उतरला.

आणि व्यसन लागले की माणूस कायमचा गेला, हीही समजूत तपासून पाहू. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या सैनिकांत जवळजवळ पाचातला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. सगळे घाबरले होते, हे परत आल्यावर काय होणार! ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी परतलेल्यांचा माग ठेवला. त्या आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडले ते शंभरातले पाचेक. सगळ्यांनाच हे लागू होत नाही, घरची, गल्लीची जुनी सोबत असते तिथे पुन्हा पुन्हा घसरणे होतेच. पण भोवताल बदलला की माणूस बदलू शकतो एवढे त्यातून नक्की कळते. तुरुंगातून सुटलेला पोरगा कुठे परततो? त्याच पुलाखाली, आणखी चार ओळखी वाढवून.

दरवाजा मोठा करा म्हणताना सावधही करतो. व्यसनमुक्तीच्या नावाखाली रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेणारी, बांधून ठेवणारी, मारहाण करणारी ठिकाणे या राज्यात निघाली आहेत. हतबल आईवडील त्यांना पैसे मोजतात. पाटी व्यसनमुक्तीची लावली तरी तो तुरुंगच आहे, आणि तिथे न्यायाधीशही नाही. तुमच्या ओळखीत कोणाला पाठवायचे असेल तर आधी नोंदणी विचारा, डॉक्टर कोण ते विचारा, आणि भेटू देतात का ते विचारा.

मला हवा तो बदल फार मोठा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे तिच्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकार आलेले आहेत, आणि त्या कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. म्हणजे एका कायद्याने तो पोरगा हक्काचा रुग्ण आहे आणि दुसऱ्या कायद्याने गुन्हेगार. संसदेने कलम २७ काढावे आणि हा विरोध मिटवावा. विकणाऱ्यावरची कलमे जशी आहेत तशी राहू द्यावीत. संसद काय करील ते आपल्या हाती नाही. पण ६४-अ आणि ३९ ही दोन कलमे आजच पुस्तकात आहेत. माझ्या वकील मित्रांनो, कबुलीचा सोपा रस्ता दाखवण्याआधी ती उघडून वाचा. मी वाचूनही वापरली नव्हती, तुम्ही वापरा.

आणि बाकी सगळ्यांना एक विनंती. उद्या सोमवार आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात जा आणि विचारा, व्यसनाच्या उपचारासाठी इथे खाटा किती आहेत, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यात किती दिवस येतात, आणि कोर्टाने कोणाला पाठवले तर दाखल करून घ्याल का. मिळेल ते उत्तर लेखी मागा. उत्तर नाही मिळाले तर पुढच्या सोमवारी पुन्हा जा, आणि जाताना अशा घरातली एक आई बरोबर घ्या.